दादासाहेब फाळके : पडद्यामागचा कारागीर

एप्रिल महिन्याची तीस तारीख विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती म्हणून परिचित आहे. महाराजांचा जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. त्याच तारखेला, त्यांच्या एकोणचाळीस वर्षे आधी, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. हे दोन्ही योग एकाच दिवशी साधावेत, अशी कल्पना महागावच्या काही उत्साही तरुणांना सुचली. सकाळी महाराजांच्या प्रतिमेचे पूजन आणि सामुदायिक प्रार्थना झाली. सायंकाळी एका शाळेच्या सभागृहात फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटाचा उपलब्ध भाग दाखविण्याचे ठरले होते.

पडदा म्हणून धुवट पांढरी चादर ताणून बांधली गेली. प्रोजेक्टर टेबलावर आला, संगणक आला, आणि अडचणही आली. प्रोजेक्टर जुना असल्याने त्याला निळ्या रंगाचे, पंधरा टाचण्यांचे व्हीजीए जोडणीचे तोंड होते, तर नव्या लॅपटॉपला केवळ एचडीएमआयची चपटी खाच. दोहोंना जोडणारा कन्व्हर्टर कोणाहीजवळ नव्हता. एक मुलगा मोटारसायकलवरून बसस्थानकाजवळच्या मोबाइलच्या दुकानाकडे धावला आणि तोपर्यंत फाळके यांच्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा प्रस्तुत लेखकास झाली. त्या अर्ध्या तासात जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले, ते येथे मांडत आहे.

फाळके यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतात. ही पदवी त्यांना शोभते, परंतु ती उच्चारताना आधीच्या मंडळींचा विसर पडू नये. कल्याणच्या महादेवराव पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास काचेच्या पट्ट्यांवर रंगविलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशात पडद्यावर पाडून 'शांबरिक खरोलिका' या नावाने खेळ सुरू केले होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली, आणि ती पाहून भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' हा फाळके यांच्या चित्रपटाच्या वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, पडद्यावर आला. मात्र तो रंगमंचावरील नाटकाचेच चित्रण होता. फाळके यांचे वेगळेपण असे, की कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून ते गावोगावी प्रोजेक्टरचा दांडा फिरविण्यापर्यंतची संपूर्ण साखळी त्यांनी एकट्याच्या हिमतीवर आणि एका कुटुंबाच्या श्रमांवर उभी केली. त्यांच्या चरित्राकडे पाहताना आपण दिग्दर्शकाला पाहतो आणि कारागिराला विसरतो, असे मला वाटते.

त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. त्यांना मुंबईत महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईत आले. घरात पुराणे, काव्य आणि कर्मकांड यांचे संस्कार. मुलाचा ओढा मात्र रंग, मातीकाम, नाट्य आणि यंत्रे यांच्याकडे. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास जाऊन ते कलाभवनात शिकले. कलाभवन ही संस्था प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उभारली होती आणि तेथे चित्रकलेबरोबर रसायन व यंत्रविद्या यांनाही मान होता. फाळके तेथे तैलचित्रे शिकले, स्थापत्याचे नमुने करावयास शिकले आणि १८९० च्या सुमारास कॅमेरा घेऊन छायाचित्रणाच्या नादी लागले. गज्जरांनी त्यांना छायाचित्रणाची प्रयोगशाळा वापरू दिली. अहमदाबाद येथील प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती सादर करून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. प्रेक्षक कोठे बसेल, त्याला काय दिसेल, उजेड कोठून येईल, याचा विचार त्यांच्या डोक्यात चित्रपटाच्या वीस वर्षे आधीपासून घोळत होता, असे या पदकावरून म्हणता येते.

त्यानंतरची वीस वर्षे म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या धंद्यांची मालिका आहे. रतलामला जाऊन त्यांनी तीन रंगांचे ठसे करण्याचे तंत्र आत्मसात केले. गोध्र्यात छायाचित्रांचे दुकान काढले, तोच प्लेगने घाला घातला आणि पत्नी व अपत्य दोघेही गेले. कॅमेरा समोरच्या माणसाची शक्ती शोषून घेतो आणि त्याला मृत्यू येतो, अशी समजूत त्या काळी अनेकांत होती, त्यामुळे छायाचित्रकाराकडे गिऱ्हाईक येईना. विसाव्या शतकाच्या आरंभी ते जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःच्याच आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळ करू लागले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. त्यांच्याविषयी पुढे लिहावयाचे आहेच.

१९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी मिळाली. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत ती सोडून ते छपाईच्या उद्योगाकडे वळले. लोणावळ्याला, जेथे राजा रविवर्मा यांचा चित्रछापखाना होता, तेथे त्यांनी ठसे करण्याचे आणि छपाईचे काम सुरू केले. नंतर भागीदारांसह दादरला 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' उभे राहिले. नवी यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी बिनसले आणि चाललेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. भागीदारांशी बिनसणे हा त्यांच्या आयुष्यात वारंवार आलेला प्रसंग आहे. दर वेळी चूक समोरच्याचीच होती, असे मानण्याचे कारण नाही. फाळके यांना हिशेबापेक्षा गुणवत्ता प्रिय होती आणि पैसे घालणाऱ्याला बहुधा याच्या उलट.

चाळिशी उलटलेला, बेकार, कुटुंबवत्सल गृहस्थ १९११ च्या ईस्टरच्या सुमारास मुलाला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेला. (काही अभ्यासक हा प्रसंग १९१० च्या नाताळातला मानतात.) तंबूवजा चित्रगृहात प्राण्यांची हलती चित्रे पाहून ते थक्क झाले. पुढे पत्नीसह पुन्हा गेले तेव्हा पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र चालू होते. ते पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिची पुनरावृत्ती करीत नाही. त्यानंतर त्यांनी जे केले ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

त्यांनी खेळण्यातला छोटासा सिनेमायंत्राचा नमुना आणि फिल्मचे काही तुकडे विकत आणले. मेणबत्तीचा उजेड आणि भिंग यांच्या साहाय्याने ते घराच्या भिंतीवर चित्रे पाडून पाहू लागले. जे पाहिले ते उलगडून पाहण्याची ही बडोद्याची शिस्त होती. चित्र हलत नाही. एकापाठोपाठ एक स्थिर चित्रे येतात आणि प्रत्येक चित्र क्षणभर थांबते, हे त्यांना भिंतीवर कळले. चित्र बदलत असताना उजेड झाकला गेला नाही तर भिंतीवर नुसते फराटे उमटतात. प्रकाश सोडण्याइतकेच तो वेळेवर अडविणे महत्त्वाचे, हे प्रोजेक्टरचे मर्म आहे. मोठ्या यंत्रांत हे काम फिरती पाती करते आणि माल्टाच्या क्रुसाच्या आकाराचे चक्र फिल्मला झटक्याझटक्याने पुढे नेते.

दिवसा हे प्रयोग आणि रात्री मुंबईत लागेल तो चित्रपट, असा क्रम कित्येक महिने चालला. झोप नाही, डोळ्यांना विश्रांती नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. ज्याला पडद्यावर उजेडाने लिहावयाचे होते, त्याच्याच डोळ्यांपुढे अंधार पसरला. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने ती परत आली. बरे वाटताच त्यांनी पहिली गोष्ट केली ती विलायतेस जाण्याची तयारी. बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून मित्र यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडून दहा हजार रुपये उचलले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले.

लंडनमध्ये ते ज्या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते, त्या 'बायोस्कोप'च्या कचेरीत ओळखपाळख नसताना सरळ शिरले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या फंदात पडू नका असे बजावले. माणूस हटत नाही असे दिसल्यावर मात्र मनापासून मदत केली. त्यांच्या ओळखीने फाळके यांना सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत प्रवेश मिळाला आणि एका बाहेरच्या माणसाला तेथील सर्व विभाग पाहू देण्यात आले. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन ते १ एप्रिल १९१२ रोजी मुंबईस परतले.

या भोके पाडण्याच्या यंत्राविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सभागृहात कन्व्हर्टरची वाट पाहताना मला हेच आठवत होते. कच्ची फिल्म त्या काळी कडांना भोके नसलेली, सपाट फितीसारखी येत असे. भोके आपणच पाडावयाची. ती कॅमेऱ्याच्या दातांत बसली पाहिजेत, धुलाईनंतर छपाईच्या यंत्रात बसली पाहिजेत आणि अखेर जगातल्या कोणत्याही गावच्या प्रोजेक्टरच्या दातांत बसली पाहिजेत. केसभर चूक झाली तर पडद्यावरचे चित्र थरथरते, अधिक झाली तर फिल्म फाटते. सुरुवातीच्या काळात प्रत्येक कारखानदाराचे माप निराळे होते. एडिसनच्या फिल्मला प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार भोके, तर ल्युमिएरच्या फिल्मला एक-एकच, तेही गोल. एकाची फिल्म दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नसे. १९०९ मध्ये पॅरिसला चित्रनिर्मात्यांची परिषद भरली आणि तीत पस्तीस मिलिमीटर रुंदी व चार भोके हे माप सर्वांनी मान्य केले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी फाळके या धंद्यात उतरले. ते दहा वर्षे आधी उतरले असते, तर दादरला तयार झालेली फिल्म लंडनच्या यंत्रावर सहजी चालली नसती.

दादरच्या मथुरा भवन नावाच्या घरात ही भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी केले. अंधाऱ्या खोलीत, केवळ बोटांच्या अंदाजाने, शेकडो फूट फिल्म त्यांनी यंत्रातून सारली. रसायने कालविणे, फिल्म धुणे, छायाचित्रणाच्या वेळी उन्हाचा उजेड परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे, आणि ही सर्व कामे उरकून कंपनीतील साऱ्या माणसांना जेवू घालणे, हे त्यांच्याकडे होते. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात पहिली तंत्रज्ञ स्त्री कोण, असा प्रश्न कोणी विचारला तर माझ्यापुढे त्यांच्याखेरीज दुसरे नाव येत नाही. श्रेयनामावलीत त्या कोठेही नव्हत्या.

भांडवल मिळविण्यासाठी फाळके यांनी आधी एक छोटी फिल्म केली. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्यासमोर कॅमेरा ठेवून ते ठराविक वेळाने एकेक चौकट घेत राहिले. जवळजवळ महिनाभराची वाढ मिनिट-दोन मिनिटांत पडद्यावर आली. अंकुर फुटला, वर चढला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' या नावाने ही फिल्म ओळखली जाते. ती पाहून नाडकर्णींनी आणखी पैसे दिले. शेतकऱ्याच्या देशातला हा नवा धंदा एका रोपट्यावर उभा राहिला, ही गोष्ट आमच्यासारख्या कापसाच्या मुलखात सांगावी अशी आहे. बाकीचे भांडवल सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून आले.

'राजा हरिश्चंद्र' सुमारे सात महिन्यांत पुरा झाला. लांबी ३,७०० फूट. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके हे तारामती झाले आणि दत्तात्रेय दामोदर दाबके हरिश्चंद्र. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात तो जनतेपुढे आला. त्या कार्यक्रमात चित्रपटाबरोबर नृत्य होते, विनोदी नकला होत्या, पायांवर वस्तू नाचविणारा कसरतपटूही होता. नव्या गोष्टीला जुन्या गोष्टींचा टेकू लागतो. आठवड्यापुरता ठरलेला खेळ पुढे वाढवावा लागला.

मुंबईबाहेरची कथा मात्र अधिक रंजक आहे. सुरतेत म्हणे पहिल्या खेळाला तीन रुपये जमले. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ परवडणारा नव्हता. फाळके यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशा आशयाची ती जाहिरात होती, आणि पुढच्या खेळाला तीनशे रुपये आले असे सांगतात. छायाचित्रांचा आकडा बरोबर आहे; एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे ३,७०० फुटांत एकोणसाठ हजारांच्या आसपास. दोन मैल मात्र जादूगार केळफांचे! ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही.

पुढे बैलगाडीत प्रोजेक्टर, पडदा आणि फिल्मची डबडी घालून त्यांनी लहानलहान गावांत खेळ केले. तिकिटाची रक्कम आणे-पैशांत येई, त्यामुळे परतताना गाडीत नाण्यांचेच ओझे होई. असल्या खेळात काय काय लागत असेल, याचा विचार करावा. वीज बहुतेक ठिकाणी नव्हतीच. मोठ्या शहरांतील चित्रगृहांत कार्बनच्या दोन कांड्यांची टोके जवळ आणून त्यांमध्ये विजेची ज्योत पेटवीत; कांड्या जळून झिजत आणि प्रोजेक्टरवाल्याला त्या सतत सरकवाव्या लागत. वीज नसेल तेथे चुनखडीच्या गोळ्यावर प्राणवायू व हायड्रोजनची ज्योत सोडून तो पांढराशुभ्र तापविण्याची युक्ती होती. दांडा हाताने फिरवावयाचा, सेकंदाला सोळा चौकटींच्या आसपास. हात दमला की राजा हरिश्चंद्र सावकाश चालू लागे. शिवाय ही फिल्म नायट्रोसेल्युलोजची. दिव्यासमोर क्षणभर अडकली तरी भडकते, आणि एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. पॅरिसला १८९७ मध्ये एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या दिव्यापासून लागलेल्या आगीत सव्वाशेहून अधिक माणसे मेली होती. कापडी तंबूत, गवतावर बसलेल्या माणसांच्या मध्यभागी असे यंत्र चालविणे ही जोखीम होती.

महागावला रेल्वे कधीच आली नाही. मूर्तिजापूरहून येणारी 'शकुंतला' यवतमाळपर्यंतच थांबली. यात्राजत्रांत टूरिंग टॉकीज आले, तंबू ठोकले गेले, जनित्राच्या धडधडीत आणि कार्बनच्या पिवळसर धुरात आमच्या मागच्या पिढ्यांनी देव-दैत्य पाहिले, ते सर्व फाळके यांच्या त्या बैलगाडीच्याच चाकोरीतून.

१९१३ च्या अखेरीस फाळके यांनी आपला मुक्काम नाशिकला हलविला. 'मोहिनी भस्मासुर' या १९१४ च्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले आणि पडद्यावर स्त्रीभूमिका स्त्रीने करण्याची सुरुवात झाली. त्याच वर्षी 'सत्यवान सावित्री' आला. तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तांत्रिक सफाईची तारीफ केली आणि तेथेच राहून काम करण्याविषयी हेपवर्थ यांच्याकडून विचारणाही झाली. ती नाकारून ते परत आले. इतक्यात पहिले महायुद्ध भडकले आणि सावकारांनी हात आखडते घेतले. या ओढग्रस्तीच्या काळात त्यांनी काड्यापेटीच्या काड्या नाचविणारी छोटी फिल्म केली, तळेगावच्या काचकारखान्याचे चित्रण केले, आणि चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारीही एक फिल्म काढली. जादूगाराने स्वतःची युक्ती उघड करू नये असा दंडक आहे. फाळके यांनी तो मोडला, कारण त्यांना प्रेक्षकांइतकेच शिष्यही हवे होते. 'नवयुग' मासिकातून १९१७-१८ मध्ये त्यांनी याच हेतूने लेख लिहिले.

१९१७ च्या 'लंका दहन'मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. चित्रपटाने अमाप पैसा मिळविला. मद्रासला तिकीटविक्रीची नाणी पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून नेली गेली, अशी आठवण सांगितली जाते. १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म' आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन' या चित्रपटांत त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. पाण्याखालील कालियाशी झुंज, हवेत झेपावणारा हनुमान, अंतर्धान पावणारे देव, ही सारी दृश्ये कॅमेऱ्याचा दांडा थांबवून, उलटा फिरवून, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून साधलेली होती. आज संगणकावर जे एका कळीने होते, ते तेव्हा डोक्यात चौकटी मोजत करावे लागे.

१९१८ मध्ये धनिक भागीदारांसह 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली आणि जुनाच अध्याय पुन्हा सुरू झाला. खर्चावरून वाद, अधिकारांवरून वाद. कंटाळून फाळके काशीला गेले आणि तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ च्या सुमारास कंपनीत परतले, चित्रपट काढत राहिले. पण बाबूराव पेंटरांसारखे नवे कलावंत पुढे आले होते आणि प्रेक्षकाची अभिरुची बदलत होती.

मग पडदा बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. हा केवळ नव्या चित्रपटाचा प्रश्न नव्हता. प्रत्येक चित्रगृहातील यंत्र बदलावे लागले. फिल्मच्या कडेला ध्वनीची बारीक पट्टी आली. ती वाचण्यासाठी प्रोजेक्टरमध्ये वेगळा दिवा आणि प्रकाशविद्युत घट आला. हाताने दांडा फिरविणे संपले, कारण वेग हलला की आवाज विचित्र होतो. सेकंदाला चोवीस चौकटी ठरल्या आणि दांड्याच्या जागी मोटार आली. फाळके यांचा 'सेतुबंधन' हा १९३२ चा चित्रपट मूक म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. त्याच वर्षी पहिला मराठी बोलपट आला, प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा'. कथा हरिश्चंद्राचीच. ज्या राजाला फाळके यांनी प्रथम पडद्यावर आणले, तो आता दुसऱ्याच्या पडद्यावर बोलत होता.

कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला. तोच अखेरचा. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटसृष्टीचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला. व्ही. शांताराम आदींच्या पुढाकाराने काही निधी जमला आणि त्यातून नाशिकला त्यांच्यासाठी घर झाले. सुमारे शंभर चित्रपट काढणाऱ्या माणसाला सत्तराव्या वर्षी डोक्यावर छप्पर मिळावे ते इतरांच्या वर्गणीतून, ही गोष्ट आनंदाची म्हणावी की लाजेची, हे वाचकांनी ठरवावे.

तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. दुसऱ्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मवर नियंत्रण होते आणि चित्रपट काढण्यासाठी सरकारी परवाना लागे. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी त्यासाठी अर्ज केला. नकाराचे पत्र १४ फेब्रुवारी १९४४ रोजी आले. १६ फेब्रुवारीला नाशिक येथे त्यांचे निधन झाले. पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी विमा तारण ठेवून फिल्म आणली होती. शेवटच्या चित्रपटासाठी फिल्मच मिळाली नाही.

त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साली सुरू झाला आणि १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले होते. त्याचे पी. के. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांकडून जे मिळाले ते जतन केले. 'कालिया मर्दन' बराचसा सापडला. 'राजा हरिश्चंद्र'चे पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे आहे. आणि तेही १९१३ चे की फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रणाचे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट निघाले, त्यांतले तीसही धड उरले नाहीत. फिल्म वितळली, चिकटली, चांदीसाठी विकली गेली किंवा जळाली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या गोदामाला लागलेल्या आगीत आणखी बरेच गेले.

फिल्म उरली तरी ती चालविणारे यंत्र उरावे लागते. १९७२ मध्ये मुंबईला दूरदर्शन आले, ऐंशीच्या दशकात व्हिडीओ कॅसेट आली, तिच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांनी गल्लोगल्ली व्हिडीओ पार्लर उभी राहिली आणि तंबूंची कनात गुंडाळली गेली. गेल्या वीस वर्षांत चित्रगृहांतून रिळेच गेली. चित्रपट संगणकीय स्वरूपात येऊ लागला आणि लाखो सूक्ष्म आरशांच्या चकतीवरून उजेड परतवून पडद्यावर पडू लागला. कार्बनच्या कांड्या सरकविण्यात आयुष्य घालविलेले प्रोजेक्टरवाले घरी बसले. घरातल्या कपाटात लग्नाच्या कॅसेटी आहेत, पण त्या लावावयास यंत्र नाही, असे कुटुंब महागावात शोधावे लागत नाही. पस्तीस मिलिमीटर आणि चार भोके हे माप मात्र शंभर वर्षे टिकले. व्हीजीए १९८७ साली आले आणि एचडीएमआय २००३ च्या सुमारास. त्यांच्या नशिबी तेवढे आयुष्य असेल असे वाटत नाही.

एवढे बोलून होते न होते तोच मुलगा कन्व्हर्टर घेऊन आला. जोडणी झाली, दिवे मालवले, आणि चादरीवर हरिश्चंद्र राजा रोहिदासाला धनुर्विद्या शिकविताना दिसू लागला. मग हौदातील स्नानाचे दृश्य आले. तारामती आणि तिच्या साऱ्या सख्या पुरुषच आहेत, हे ध्यानात येताच मुलींच्या रांगेत हशा पिकला. पुढे बसलेला एक लहान मुलगा मात्र अस्वस्थ होता. तो उठून प्रोजेक्टरपाशी आला आणि आवाजाची तार सैल झाली आहे का, हे वाकून पाहू लागला.